हंसराजाच्या सहा कुंड्या आणि एक पुडी

आधीच सांगते, मी नवखं गिऱ्हाईक नव्हते. पंधरा वर्षं गच्चीवर कुंड्या सांभाळतेय. तरी आषाढात लातुरात मैदानावर लागलेल्या झाडांच्या स्टॉलवर २,३०० रुपये घालवून आले.

हंसराज या फर्नचा मला जुना सोस. केसासारखे बारीक, काळे देठ आणि त्यावर कोथिंबिरीसारखी नाजूक पानं. माहेरी जुन्या विहिरीच्या दगडांच्या सांदीत तो आपोआप यायचा. कुंडीत मात्र लातूरचा उन्हाळा त्याला सोसत नाही. पारा चाळिशीपार, हवा कोरडी. एक दिवस पाणी चुकलं की पानांचा कागद. स्टॉलवाल्याने नेमकं इथंच बोट ठेवलं. "ताई, ही जात येगळी हाय, आपल्या उन्हात बी टिकती बगा." वर फवारा मारून दाखवला. अळूच्या पानावरून ओघळावेत तसे थेंब घरंगळले, पान कोरडंच. मी भाळले. अहो, कुठल्याही हंसराजाच्या पानावर पाणी ठरत नाही, त्यात जातीचं काय!

३५० ची एक, अशा सहा कुंड्या. शिवाय 'फर्नचं बी' म्हणून २०० रुपयांची पुडी. पैसे फोनवरून दिले, बिल मागितलं नाही, त्याचा नंबर तेवढा घेतला.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा वळायला लागल्या. बाहेर झड लागलेली, हवा ओलीचिंब. म्हणजे कोरड्या हवेचं निमित्त नव्हतंच, पण मी दोष दिला बोअरच्या पाण्याला. आमच्या कुंड्यांवर त्याचा पांढरा थर बसतो. मग प्यायच्या जारमधलं पाणी घालू लागले. घरात सगळे हसले. आठवड्याने फोन केला तर गडी एकदम शांत. "वाळलेली पानं बुडापासून कापा ताई, पाणी चालू ठेवा. महिन्यात कंदातून नवी फूट येती."

या वाक्याने माझा महिना खाल्ला, कारण वाक्य खरं आहे. हंसराज वरून पार वाळला तरी मातीतला आडवा कंद जिवंत असेल तर गोगलगाईसारखे गुंडाळलेले कोंब पुन्हा वर येतात. मी स्वतः दोन कुंड्या अशा वाचवल्यात. म्हणून रोज सकाळी वाकून बघायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी एक कुंडी उपडी केली. कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गोळा पडला, तो बोटांनी चाळला. कंद नाही, मुळाचा एक धागा नाही. नुसते बोटभर काळे देठ, खालून कात्रीने तिरपे कापलेले. सहाही कुंड्यांत तेच. फुलदाणीत फुलं खोचावीत तशी पानं ओल्या कोकोपीटमध्ये खोचलेली. तो सारखा फवारा का मारत होता, ते तेव्हा उमगलं. फोन केला तर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला सांगावं म्हटलं, पण बिल नाही, दुकानाचं नाव नाही. तक्रार करायची कुणावर?

आता कुठलाही फर्न घेताना बुडाशी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघते. रुजलेला असला तर मातीचा गोळाही हलतो. खोचलेला असला तर देठ सुळकन हातात येतो. कुंडीच्या भोकातून मूळ डोकावतंय का तेही बघते. "ओढू नका" म्हणाला की पुढचा स्टॉल. एखादं वाळकं पान आणि एखादा गुंडाळलेला कोंब दिसला की उलट बरं वाटतं.

राहिली पुडी. फर्नला बी नसतंच. हंसराजाच्या पानामागे कडेची दुमड असते, तिच्यात बीजाणू. ते भुकटीसारखे, सुटा कण डोळ्यांना दिसायचाही नाही. हे शाळेत शिकलेली बाई मी, आणि खसखशीएवढे चकचकीत काळे दाणे कौतुकाने पेरून बसले. उगवलेही भराभर. सासूबाईंनी कुंडीत डोकावून पाहिलं, "अगं, हा तर तांदुळजा," म्हणाल्या आणि विळी मागितली. भाजी चांगली झाली होती.