पाठीवरचा फोमचा पट्टा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गावाकडे पोहायला शिकवायला विहिरीत पोरांना उतरवताना पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचे. हा पट्टा म्हणजे त्याच डब्याचा शहरी नातू: फोमचे चार ठोकळे, ते ओवलेली नायलॉनची पट्टी आणि एक बक्कल. मुंबईत धोबी तलाव भागातल्या खेळसाहित्याच्या दुकानांत सहज मिळतो. सोसायटीच्या साडेतीन फुटी तलावात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या तुकडीसाठी ऑक्टोबर ते मे तो वापरला. शिकवायला उत्तम, जीव वाचवायला कुचकामी, असं आमचं मत झालंय.

आधी दंडात घालायचे हवेचे फुगे होते. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभं राहतं आणि सायकल मारल्यासारखे पाय हलवतं. ती सवय इतकी पक्की होते की फुगे काढले की पाय खाली आणि तोंड पाण्यात. शिवाय अंगाला तेल किंवा सनस्क्रीन असेल आणि मुलाने हात वर केले, तर फुगा सरळ निसटतो. पट्टा लावला की शरीर आडवं होतं, हात मोकळे राहतात, पाय मांडीपासून हलतात.

मात्र तो नीट बांधला पाहिजे, आणि गडबड नेमकी इथेच होते. ठोकळे खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली हवेत. या वयात मुलांना कंबर अशी नसतेच, पोट पुढे असतं. त्यामुळे पट्टा सैल असला की घसरून ढुंगणावर जातो, मागचा भाग वर उचलला जातो आणि तोंड खाली दाबलं जातं. पट्टीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतकी घट्ट करा. ओली झाली की पट्टी सैल पडते, म्हणून पाच मिनिटांनी पुन्हा ओढा. दोन पायांमधून जाणारी पट्टी असलेला मिळाला तर तोच घ्या.

ठोकळे पाठीवर असल्याने दमलेलं मूल पालथंच तरंगतं. तोंड वर ठेवायचं काम या पट्ट्याचं नाहीच. मांडव्याच्या किंवा गोराईच्या बोटीत कॉलर असलेलं, मुलाच्या वजनाचं लाइफ जॅकेटच हवं. तलावातही शिकवणाऱ्याचा हात मुलापर्यंत पोचेल एवढंच अंतर. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही, गुपचूप खाली जातं. काठावर मोबाइल बघत बसलेल्या पालकाला ते ऐकू येणारच नाही. निळ्या फरशीच्या तलावात निळा किंवा पांढरा पोशाख तळाशी दिसेनासा होतो. भडक नारिंगी घाला.

पट्ट्याआधीचं काम घरी, न्हाणीघरात होतं. ‘एक, दोन, तीन’ म्हणून डोक्यावर मगभर पाणी, रोज, त्याच शब्दांत. मग पसरट भांड्यात बुडबुडे. बहुतेक मुलं फुंकायच्या ऐवजी पाणी ओढतात आणि ठसका लागतो. अशा मुलाला तोंड मिटून ‘हम्म्म’ म्हणायला लावा. हवा नाकातून बाहेर येत राहते, पाणी आत शिरत नाही. पाण्यावर टेबल टेनिसचा चेंडू ठेवून तो फुंकरीने ढकलायला दिला की चार वर्षांचं मूल दहा मिनिटं कंटाळत नाही. काम झालं की भांडं तिथल्या तिथे पालथं करा. रांगत्या मुलाला बुडायला बादलीतलं वीतभर पाणीही पुरतं, आणि आपल्याकडे पाणी येण्याची वेळ ठरलेली, म्हणून भरलेली पिंपं घरात असतातच. पिंपाला घट्ट झाकण, न्हाणीघराला वरून कडी.

तलावात पहिले काही तास पट्टा नकोच. काठ धरून खेकड्यासारखं आडवं सरकायचं, पोटावर पालथं होऊन पाय आधी सोडत उतरायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पडल्यावर वळून भिंत धरायची. हे जमलं की चार ठोकळे. तोंड पाण्यात घालून, हवा सोडत तीनेक मीटर गेलं की एक काढा. घाई केली की मूल मान वर काढतं, पाय बुडतात आणि आठवडाभराची मेहनत वाया. उलट, महिनोन्महिने चारही ठोकळे ठेवले तर मुलाला वाटतं आपल्याला पोहता येतं. म्हणून प्रत्येक वर्गाची शेवटची पाच मिनिटं पट्टा सोडून, मोठ्यांच्या हातावर. आपलं अंग पाण्यात किती जड होतं, हे त्याला कळलंच पाहिजे.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी या वयाला गारच. ओठ निळसर दिसले किंवा दात वाजले की लगेच बाहेर, वर्गाची वेळ संपली नसली तरी. जुलाब होत असतील तर तलाव बंदच. पाण्यात घालायचं डायपर पातळ शी अडवत नाही.

टिकाऊपणा बेताचा. सहा महिन्यांत ठोकळ्यांच्या कडा भुगा होऊ लागल्या. मुलं फोम चावतात, आणि तो तुकडा घशात अडकू शकतो, तेव्हा कडा उडालेला ठोकळा फेकून द्या. दोन बक्कलं तडकली. वापरानंतर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवले ते पट्टे अजून चालतात. गच्चीवर उन्हात टाकलेले कडक झाले. बक्कल घेताना मुलाच्याच हातात देऊन बघा. त्याला उघडता आलं तर दुसरं मागा.