भिंतीशी नेऊन सोडणारा नकाशा: चार महिन्यांचा अनुभव

आपल्यासारख्या दृष्टिहीनांना आजूबाजूची ठिकाणं आवाजाने सांगणारं मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप अ‍ॅप 2023 मध्ये बंद झालं तेव्हा आपल्यातले बरेच जण हळहळले. कोड मात्र खुला झाला होता. त्यावर उभं राहिलेलं एक फुकट अ‍ॅप मी फेब्रुवारीपासून पुण्यात वापरतोय. बीकन (निवडलेल्या ठिकाणाच्या दिशेने हेडफोनमध्ये येणारी टकटक), अराउंड मी (आजूबाजूला काय आहे ते सांगणारं बटण) वगैरे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून थेट तक्रारीवर येतो.

बीकन इमारतीच्या पोटात वाजतो, गेटवर नाही. दातांच्या डॉक्टरांकडे निघालो होतो. तोंड बरोबर दिशेला वळलं की टकटकीत घंटी मिसळते, ती अगदी समोरून येत होती. 30 मीटर, 20, 15... आणि काठी भिंतीवर आपटली. डावीकडे चाचपलं, भिंतच. उजवीकडे स्कूटरींची रांग. पोळीभाजी केंद्रातल्या ताई बाहेर आल्या, "दादा, गेट मागच्या गल्लीत आहे." अपॉइंटमेंट हुकली. असं आठ-दहा वेळा झालं. इमारत सापडून मी काय करू, मला दार हवंय! अ‍ॅप काढूनच टाकणार होतो.

इथवर लिहून ठेवलं होतं. मधल्या 3 आठवड्यांत मत बरंच बदललं. माहिती ओपनस्ट्रीटमॅपवरून येते, तो नकाशा लोकच भरतात, आणि त्या इमारतीचं गेट कुणी टाकलेलंच नव्हतं. भाच्याने बसल्या बसल्या टाकलं. मी स्वतः गेटपाशी उभं राहून मार्कर सेव्ह केला, आता बीकन तिथेच लावतो. गल्लीत जीपीएस थोडा इकडेतिकडे होतो, तेवढं काठी सांभाळते.

एका मैत्रिणीने तिच्या शाळेतल्या मशीनवर त्याच भागाचा स्वेल पेपरवरचा नकाशाही काढून दिला. उष्णतेने काळी रेघ फुगते, तो कागद. बोट फिरवलं आणि कळलं, गल्ली इमारतीला तीन बाजूंनी वळसा घालते! इतके महिने ऐकून हे डोक्यात आलं नव्हतं.

खर्च हेडफोनचा. कान मोकळे ठेवून हाडांतून आवाज पोचवणारे बोन कंडक्शनच घ्या, कान बंद करणारे घालून रस्ता ओलांडू नका. माझे तिसऱ्या महिन्यात चार्ज होईनात. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे घाम गेलाय, वॉरंटी बसत नाही. खोक्यावर घाम चालतो असं छापलंय, ते भाच्याकडून तिथेच मोठ्याने वाचून घेतलं, तेव्हा बदलून मिळाले. बिल जपून ठेवा.

नव्या ठिकाणी जाताना आता आधी फोन करून विचारतो, "गेट कुठल्या रस्त्यावर उघडतं?" बहुतेक जण पुन्हा पत्ताच सांगतात.