सूक्ष्मदर्शक घ्या, पण पेटीवरचा ६७५ विसरा

एसटीच्या आगारात ३१ वर्षं पाने फिरवलेला माणूस मी. भिंगातलं मला फारसं कळत नाही, पण रॅक, गिअर आणि आटे हाताला कळतात. आठवीतल्या नातीला पेशी आणि पेशीअंगकांचा धडा लागला आणि तिनं सूक्ष्मदर्शकाचा हट्ट धरला. चोपड्याहून जळगावला गेलो, शाळांना प्रयोगाचं सामान पुरवणाऱ्या एका दुकानातून २,४५० रुपयांना पेटी आणली. सहा महिने वापरून लिहितोय.

आधी लोखंड. स्टँड जड आहे, टेबलाला धक्का लागला तरी हलत नाही. पण नळी वरखाली करायची मोठी मूठ ढिली होती. फोकस लावून हात काढला की नळी आपल्या वजनानं खाली सरकायची. दुसऱ्याच दिवशी ४५ पट मोठं दाखवणारं खालचं भिंग नमुन्यावरच्या पातळ काचेवर टेकलं आणि काच तडकली. दुकानात फोन केला तर म्हणे, ‘‘असंच असतं काका, सवय होईल.’’ दोन्ही बाजूंच्या मुठी धरून एकमेकींच्या उलट पिळल्या, नळी जागेवर थांबली. अर्ध्या मिनिटाचं काम, पण पेटी भरताना ते कुणी केलं नव्हतं.

तेव्हापासून घरचा नियम आहे. गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून बघतो ना, तसं आधी बाजूनं बघत भिंग काचेजवळ आणायचं. मग डोळा लावून नळी फक्त वर न्यायची.

आता तो आकडा. डोळ्याचं भिंग १५, खालचं ४५, गुणाकार ६७५, तो पेटीवर ठळक छापलाय. प्रत्यक्षात १५ चं भिंग लावलं की चित्र मोठं होतं आणि धुक्यात जातं, नवीन काही दिसत नाही. आम्ही १० चंच ठेवतो. खालचं १० लावून १०० पट, ४५ लावून ४५०. हॉलंडच्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडवाल्यानं १६७६ साली एकाच भिंगाच्या, हातात धरायच्या यंत्रातून जिवाणू पाहिले होते. त्याच्या उरलेल्या भिंगांतलं सगळ्यात जोरदार साधारण २७० पटींचं. माल भिंगाच्या घासणीत असतो.

पेटीवर पेशीचं रंगीत चित्रही आहे, तंतुकणिका, गॉल्गी, रायबोसोम असे पेशीच्या आतले बारीक भाग सगळे दाखवलेले. नात पहिले दोन दिवस तंतुकणिकाच शोधत बसली आणि रडकुंडीला आली. तिच्या सरांनी सांगितलं तेव्हा कळलं की ती आतली रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कळलेली आहे. अशा यंत्रात पेशीभित्तिका (पेशीची बाहेरची भिंत), केंद्रक (पेशीचा कारभार बघणारा गोळा) आणि पानात हरितलवकं (हिरवे कण) एवढं दिसलं तरी पुष्कळ. मग पेटीवर ते चित्र कशाला?

पण जे दिसतं ते काय दिसतं! कांद्याच्या जाड पापुद्र्याच्या आतल्या बाजूची साल चिमट्यानं ओढली, पाण्याचा थेंब, आयोडिन, वरून काच तिरपी टेकवून हळूच सोडली. पहिल्यांदा धपकन ठेवली तेव्हा काळ्या कडेचे गोल गोल दिसले, आम्ही दोघं ‘पेशी, पेशी’ म्हणून नाचलो. ते हवेचे बुडबुडे. दुसऱ्या खेपेला नातीनं डोळा लावला आणि ओरडली, ‘‘आप्पा, हाई ते इटास्नी भित शे!’’ खरंच, आडव्या विटांची भिंत, आणि बहुतेक विटांत कडेला सरकलेला एक पिवळसर ठिपका. तो केंद्रक. मधली जागा रिक्तिका, म्हणजे रसाची पिशवी, अडवते म्हणून बिचारा भिंतीला चिकटतो.

नंतर गालाच्या आतून टूथपिकनं हलकंच खरवडून घेतलं. मिथिलिन ब्ल्यू हा निळा रंग माशांच्या टाक्या विकणाऱ्याकडे मिळतो, पेटीतली रंगाची बाटली वाळून खडा झालेली होती. इथं विटा नाहीत, फाटक्या पोळीसारखे वेडेवाकडे तुकडे, मधे निळा ठिपका. प्राण्याच्या पेशीला भित्तिका नसते हे पाठ करायची गरज पडली नाही.

आणि केळी! आपल्या भागात कच्च्या केळीला काय तोटा? हिरव्या केळीचा गर काचेवर पुसून आयोडिन टाकलं तर आतले पिष्टाचे लांबट दाणे काळेनिळे झाले, वाटीभर उडीद सांडल्यासारखे. पिकलेल्या केळीत तुरळक उरले होते, बाकीच्यांची साखर झालेली. शेजारचे केळीवाले दादा दोनदा येऊन बघून गेले.

आरसा खिडकीतल्या उजेडाकडे धरा, सूर्याकडे कधीच नाही, डोळा जाईल. तयार काचपट्ट्या प्लॅस्टिकच्या आणि धूसर आहेत, त्यांच्या भरवशावर घेऊ नका. काचेच्या पट्ट्या आणि पातळ काचा वेगळ्या घ्या. दुकानातच मूठ फिरवून, हात सोडून नळी सरकते का बघा. पाचपैकी साडेतीन तारे. दीड दुकानदाराच्या त्या ‘सवयी’साठी कापले.

माझी साखर तपासायचं मशीन घरी आहेच. पट्टीला लावून उरलेला थेंब मी कापसानं पुसून टाकायचो. एकदा तो काचपट्टीवर घेतला तर त्यात रक्ताच्या तांबड्या पेशी दिसल्या, फिकट चकत्या, आणि केंद्रक एकीतही नाही. आता सकाळी मी बोट टोचायला बसलो की नात काचपट्टी घेऊन शेजारी उभी असते.