मोठ्या वयात टाइप १ मधुमेह: शंका असेल तर अँटिबॉडी की सी-पेप्टाइड?

निदान नवं असेल तर आधी अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींविरुद्ध तयार केलेली प्रथिनं. सुरुवात जीएडी६५ या अँटिबॉडीपासून. ती निगेटिव्ह आली तर आयए-२ आणि झेडएनटी८ या आणखी दोन. उपाशी राहावं लागत नाही, इन्सुलिन सुरू असलं तरी या तिन्हींवर परिणाम होत नाही. इन्सुलिनविरोधी अँटिबॉडी मात्र इंजेक्शन सुरू झाल्यावर तपासू नका. बाहेरच्या इन्सुलिननेही ती तयार होते. रिपोर्ट निगेटिव्ह म्हणजे टाइप १ नाहीच, असं नव्हे: मोठ्या वयातल्या सुमारे ५ ते १० टक्के टाइप १ रुग्णांत अँटिबॉडी सापडत नाहीत.

सी-पेप्टाइड (शरीरात इन्सुलिनसोबतच तयार होणारा घटक) वेगळंच सांगतं: स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतं. जेवणानंतर ५ तासांच्या आत रक्त द्या, त्याच नमुन्यात साखरही मोजून घ्या. साखर ७० च्या खाली असेल तर आकडा फसवा येतो. २०० पिकोमोल प्रतिलिटरच्या खाली तीव्र कमतरता, ६०० च्या वर असेल तर बहुधा टाइप २. पण पहिल्या काही महिन्यांत, ‘हनिमून’ काळात (स्वादुपिंड अजून थोडं इन्सुलिन बनवत असतं तेव्हा), टाइप १ मध्येही तो चांगला येऊ शकतो. म्हणून ही तपासणी तीन वर्षांनंतर जास्त खात्रीची.

रिपोर्टची वाट पाहताना इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था) होऊ शकतो.