डायमंड डीए-४० एनजी : विदर्भाच्या उन्हापावसात वापरल्यानंतर

पूर्व विदर्भातल्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेत मी विमानांची देखभाल करतो. आधी बरीच वर्षं सेसना १७२ वर हात चालवला, मागच्या दिवाळीपासून डीए-४०, म्हणजे डायमंड कंपनीचं छोटं चार आसनी विमान, हाताखाली आहे. उन्हाळा-पावसाळा दोन्ही निघाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

इंजिन एकदम पसंत. ऑस्ट्रो एई३००, १६८ अश्वशक्ती, मूळ मर्सिडीजच्या मोटारीचं डिझेल इंजिन. त्याला जेट ए-१ चालतं, म्हणजे मोठ्या विमानांचंच इंधन. एव्हगॅससाठी, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलसाठी, ताटकळणं संपलं. (ते आपल्याकडे बनायला २०२२ उजाडलं, बडोद्याला.) लिव्हर एकच, बाकीचं इंजिनाचा संगणक बघतो. पोरांना सोपं जातं, पण मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण) हातानं कसं ओढायचं हे ती शिकतच नाहीत, ते मला खटकतं.

उन्हाळ्यात कॅनोपीनं, म्हणजे बसायच्या जागेवरच्या छतानं, घाम काढला. वरून सगळं पारदर्शक. मे महिन्यात दुपारी अ‍ॅप्रनवर (विमानं उभी करायच्या उघड्या जागेवर) उभं राहिलं की पट्ट्याच्या बकलला हात लावायची सोय नाही. उड्डाणं सकाळीच उरकतो. पावसाळ्यात धानाच्या बांधांवरून कुंभारीण माशा येतात आणि झाकण विसरलं की पिटोच्या (वेग मोजायच्या नळीच्या) भोकात मातीचं घर करतात. त्यात कंपनीचा काय दोष!

आता ज्यावरून हँगरमध्ये सगळ्यात जास्त वाद झाले तो मुद्दा : कंपनी आता चिन्यांची, मग सुटे भाग मिळतील का? वानफेंग या चिनी कंपनीनं २०१६ मध्ये डायमंडच्या कॅनडातल्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला, २०१७ च्या शेवटी ऑस्ट्रियातलीही घेतली. आमच्या टेबलावर त्यानं काही बदललं नाही. मॅन्युअल तेच, सर्व्हिस बुलेटिन ऑस्ट्रियाहूनच येतात.

डायमंडवाल्यांची खरी तारांबळ उडाली ती २००८ मध्ये, मालक बदललेला नसताना. तेव्हा इंजिन थीलर्ट या जर्मन कंपनीचं होतं आणि थीलर्टचं दिवाळं निघालं. दर ३०० तासांनी बदलायचा गिअरबॉक्स वॉरंटीऐवजी विमानवाल्यांच्या खिशावर आला. मग डायमंडनं स्वतःचं इंजिन उभं केलं, २००९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. वानफेंगच्या हाती विमान आणि इंजिन दोन्ही एकत्र गेली, म्हणून मी निर्धास्त आहे. थीलर्टचा कारभार २०१३ मध्ये दुसऱ्याच चिनी कंपनीनं, अ‍ॅविकनं, उचलला. छोटी विमानं बनवणारी सिरस २०११ पासून तिच्याकडेच.

पायपर या विमान कंपनीचं बघा. मालकी ब्रुनेई सरकारची, पण तिच्या आर्चर विमानाच्या नाकात लायकॉमिंगचं इंजिन, आणि लायकॉमिंग अमेरिकेतल्या टेक्स्ट्रॉनचं. त्याच टेक्स्ट्रॉनकडे १९९२ पासून सेसना, २०१४ पासून बीचक्राफ्ट. म्हणजे इंजिन प्रतिस्पर्ध्याकडून! तरी बिनबोभाट चाललंय, कारण दोघांचंही पोट त्यावर आहे. उलट कोलंबिया कंपनीची विमानं सेसनानं २००७ मध्ये विकत घेतली, नाव बदलून विकली आणि २०१८ मध्ये बंदच करून टाकली. मालक अमेरिकन असून काय उपयोग झाला?

गावातला ट्रॅक्टरचा मेकॅनिक कुंपणाशी येऊन विचारतो, "डिझेलवर उडते काय जी हे?" त्याला मालकीची भानगड सांगितली तर म्हणाला, "स्वराज महिंद्रानं घेतलं, आमचं काय अडलं?" बरोबरच आहे. त्याच महिंद्रानं २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातली गिप्सलँड घेतली होती, आठ जणांचं एअरव्हॅन बनवणारी, आणि २०२३ मध्ये ती मूळ संस्थापकाकडे परत गेली. हे ऐकून तो हसायलाच लागला. महिंद्राचं विमान म्हणे!

माझी तक्रार मधल्या पुरवठादाराशी आहे. कूलंटच्या एका होजसाठी ऐन ऑक्टोबरात, आभाळ स्वच्छ असताना, विमान कितीतरी दिवस जॅकवर बसून होतं. दरवेळी "कस्टममध्ये आहे" एवढंच उत्तर. सेसनाचा असा भाग मी ओळखीच्या फ्लाइंग क्लबकडून उसना आणला असता. डायमंडवाले अजून इथं तितके नाहीत.

तेव्हा घेणार असाल तर विमानाबरोबरच होज, ग्लो प्लग आणि फिल्टर यांचा वर्षभराचा साठा ऑर्डरमध्ये लिहून घ्या. कॅनोपीचं कव्हर मात्र इथल्याच ताडपत्रीवाल्याकडून शिवा, आतून मऊ कापड लावून, नाहीतर धुळीनं ओरखडे पडतात.