माया सोडून शिवलेले कुर्ते : गरोदरपणातील कपड्यांचा वर्षभराचा अनुभव

मागच्या फेब्रुवारीत पाचवा महिना लागला आणि पंधरा दिवसांत कपाटातील एकही कुर्ता पोटावरून नीट उतरेनासा झाला. तेव्हापासून बाळ सात महिन्यांचे होईपर्यंत मी जे विकत घेतले, मागवले, शिवून घेतले आणि शेवटी पोछ्याला लावले, त्या सगळ्याचा हा अनुभव आहे. मी यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका लहान गावात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलांसमोर चार तास उभे राहायचे, फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात न्यायचा, खाली बसलेल्या पहिलीच्या मुलांच्या पाट्यांवर वाकायचे, आणि हे सारे अशा उन्हाळ्यात करायचे, की ज्यात एप्रिलमध्येच पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्यातच मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने शिक्षकांच्या पेहरावाबाबत काढलेल्या सूचनांत महिलांसाठी साडी किंवा सलवार अथवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा असे सांगितले आहे. त्यामुळे गरोदर बायकांसाठी म्हणून फोनवर जे सैल, सुंदर झगे दिसतात, ते माझ्यासाठी शाळेपुरते तरी बादच होते.

सुरुवातीला मी नेहमीच्या मापापेक्षा दोन मापे मोठे असे दोन तयार कुर्ते यवतमाळहून आणले. पोटावर ते बसले, पण खांदे दंडावर उतरले, गळा इतका मोठा झाला की वाकताना एक हात कायम छातीशी धरावा लागे, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची जागा, इतका खोल होता की फळ्यावर लिहिताना सगळा कुर्ताच वर ओढला जाई. शिवाय पोट जसे पुढे आले, तसे पुढचे टोक तीन बोटे वर उचलले गेले आणि मागचे तसेच लोंबत राहिले. गरोदर बाईचे खांदे आणि पाठ फारशी बदलत नाहीत, छाती थोडी भरते आणि पोट मात्र दर महिन्याला नवे माप मागते, ही साधी गोष्ट मला हे दोन कुर्ते वाया गेल्यावर कळली. मोठ्या मापाचा कपडा सगळीकडूनच मोठा असतो, आणि त्यात बाई सुंदर दिसत नाही, उसना कपडा घातल्यासारखी दिसते.

त्यानंतर ऑनलाइन मागवलेले तीन कुर्ते आले. छातीखाली चुण्या, दोन्ही बाजूंना लपवलेल्या चेन आणि फिकट निळ्यावर पांढरी फुले असे त्यांचे रूप होते, आणि ते दिसायला खरोखर छान होते, हे मान्य करायला हवे. दोन रेयॉनचे होते आणि तिसऱ्यावर शुद्ध सुती असे लिहिलेले होते. तिसरा अंगात घातल्यावर तासाभरात पाठ चिकचिकली, तेव्हा मी सासूबाईंना तो दाखवला. त्यांचे सारे आयुष्य पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरात गेलेले आहे. त्यांनी काही न बोलता आतल्या शिवणीतून बोटभर धागा ओढून काढला, देवघरातील काडेपेटी आणली आणि तो धागा काडीच्या ज्योतीवर धरला. धागा जळण्याऐवजी आकसत गेला आणि टोकाला मोहरीएवढा काळा, कडक मणी तयार झाला. "हा काही कापूस नाही, माय. हे प्लास्टिक होय," असे म्हणून त्यांनी तो मणी माझ्या तळहातावर ठेवला. मग त्यांनी स्वतःच्या जुन्या लुगड्याचा धागाही पेटवून दाखवला. तो कागदासारखा भुरकन जळला आणि त्याची राख बोटांत चुरून नाहीशी झाली.

ही परीक्षा कोणालाही घरी करता येते, परंतु तिला एक मर्यादा आहे, आणि ती मला नंतर समजली. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून तयार होत असल्याने तोही कापसासारखाच जळतो आणि राखच सोडतो, त्यामुळे काडीने पॉलिस्टर पकडता येते, रेयॉन पकडता येत नाही. त्याचा खरा स्वभाव पाण्यात कळतो, कारण ओला झाला की रेयॉन कमजोर होतो. माझा एक कुर्ता धुताना थोडा जोरात पिळला आणि बगलेची शिवण उसवण्याऐवजी शिवणीशेजारचे कापडच विरले. दुसरा दोन धुण्यांत बोटभर आखूड झाला. अंगाला गार लागतो, झुळझुळीत पडतो आणि फोटोत उठून दिसतो, म्हणून चार समारंभांपुरता रेयॉन ठीक आहे, पण रोज घाम येणाऱ्या आणि रोज धुवाव्या लागणाऱ्या अंगासाठी तो नाही. तो तिसरा कुर्ता परत करायचा मी प्रयत्न केला, तेव्हा आमच्या पिनकोडवर परत नेण्याची सोय नसल्याचे उत्तर आले. सामान पोहोचवायला मात्र तोच पिनकोड चालला होता. खेड्यात राहणाऱ्या बहिणींनी खरेदीआधी परतीची अट वाचावी, कारण आपल्या बाबतीत फसगत बहुधा तिथेच होते.

पोटावरून छातीपर्यंत येणारा रुंद ताणाचा पट्टा असलेल्या दोन लेगिंग्जही मी घेतल्या होत्या. फेब्रुवारीच्या थंडीत त्या अगदी सुखाच्या वाटल्या. पोटाला हळुवार आधार मिळे आणि नाडीचा काच नव्हता. मार्चअखेरीस त्याच पट्ट्याखाली घामोळ्यांची रांगोळी उठली आणि एप्रिलमध्ये मी त्या पेटीत टाकल्या. या कापडात सुताबरोबर थोडा लवचिक धागा असतो आणि तो उष्णतेने मरतो, हे माहीत नसल्यामुळे मी एक लेगिंग गच्चीवरच्या भर उन्हात वाळवत राहिले होते. महिनाभरात तिचा पट्टा असा सैल पडला, की चालताना ती एका हाताने सावरावी लागे. दुसरी सावलीत वाळवली होती; तिची कथा पुढे येईल.

साडीचे काय, असे कोणी विचारेल, आणि सासूबाईंनी ते विचारलेच. साडीला माप नसते, ती नवव्या महिन्यापर्यंत त्याच बाईला पुरते, हे खरे आहे. माझी अडचण साडीची नव्हतीच, परकराची होती. नेफ्यातील बारीक नाडी पोटाखाली बांधली तर दुपारपर्यंत लाल वळ उठे आणि पोटावर बांधली तर जेवण जाईना. चार बोटे रुंद कापडी पट्टा आणि बाजूला तीन हुकांच्या जागा असा परकर शिवून घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला, पण शाळेच्या स्वच्छतागृहात साडी सावरणे आणि स्कूटीवर निऱ्या सांभाळणे सातव्या महिन्यात मला झेपले नाही. मासोळीच्या आकाराचा जो घट्ट तयार परकर मिळतो, त्याच्या वाटेला गरोदरपणात कोणी जाऊ नये.

उपाय शेवटी आमच्याच गल्लीत सापडला. शिलाईकाम करणाऱ्या काकूंकडे मी एक जुना, खांद्यात अचूक बसणारा कुर्ता घेऊन गेले आणि पोट सोडून बाकी सगळे याच मापाचे ठेवा, एवढेच सांगितले. काकूंनी छातीच्या खाली आडवी शिवण घेऊन तिथून चुण्यांचा घेर सोडला, खांदा आणि मुंढा जुन्या कुर्त्याचाच ठेवला आणि पुढची उंची मागच्यापेक्षा अडीच इंच जास्त कापली. ती किती वाढवायची, याचा अंदाज मला दवाखान्यातील तपासणीतून आला होता. विसाव्या आठवड्यानंतर गर्भाशयाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण जितके आठवडे झाले तितकीच भरते, म्हणून तिथल्या सिस्टर दर वेळी टेप लावून ती मोजत असत. काकूंचा टेप आणि सिस्टरांचा टेप सारखाच पिवळा होता, आणि सत्ताविसाव्या आठवड्यात पोटावर सत्तावीसचा आकडा पाहून काकूंना माझ्याहून अधिक आनंद झाला. दोन्ही कडांना शिवणीत बांधलेल्या सुती दोऱ्या होत्या. मागे गाठ मारली की पाचव्या महिन्यात कुर्ता अंगासरशी बसे आणि सैल सोडली की नवव्यात पुरे. यांशिवाय काकूंनी बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडली. शिवणीत राखून ठेवलेल्या कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात, याचा अर्थ मला त्या उन्हाळ्यात लागला.

कापडाबाबत मी थोडा हट्ट धरला. आमच्या गावातून दर हिवाळ्यात कापसाच्या गाड्या भरभरून सरकी काढणाऱ्या जिनिंगला जातात, आणि त्याच गावातील बाईला गरोदरपणात अंगाला लावायला निर्भेळ सुती कपडा तयार मिळू नये, ही गोष्ट मला फार लागली होती. चार कुर्ते कॅम्ब्रिक या सुती कापडाचे केले. ते विणीला घट्ट असल्याने अस्तराची गरज पडली नाही आणि फिकट रंगातूनही आतले काही दिसले नाही. एक मलमलचा केला, तो सर्वांत थंड होता, पण अस्तर लावल्यावर त्याचा थंडावा निम्मा झाला. सहावा वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणलेल्या, नैसर्गिक रंगाच्या खादीचा. गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहालयात मी एका लग्नाच्या निमित्ताने वर्ध्याला गेले असताना डोकावले होते. कापड शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे ते जितके आटायचे तितके आधीच आटते. काकूंनी एका कुर्त्याच्या वेळी घाईत हे टाळले आणि नेमका तोच पुढे आखूड झाला. एका कुर्त्याला पावणेतीन मीटर कापड लागले, १४० रुपये मीटरप्रमाणे ३८५ रुपये आणि शिलाई २५०, म्हणजे ६३५ रुपये. फोनवरचे कुर्ते मला प्रत्येकी ७५० च्या पुढे पडले होते. खादी अर्थातच महाग पडली.

दिसण्याचा मुद्दा मी हलका मानत नाही. आठव्या महिन्यात पाय सुजलेले, झोप नाही, कूलरच्या ताट्यांत पाणी टाकायला विसरले की जीव कासावीस, अशा दिवसांत आरशात नीटनेटकी बाई दिसणे हाही आधार असतो. छातीखालच्या शिवणीवर काकूंनी एका कुर्त्याला बोटभर रुंदीची बारीक लाल-पिवळी लेस लावली होती. नजर तिथे थांबे आणि पोटाचा भार कमी वाटे. शाळेतील सहकारी शिक्षिकांनी त्याच नमुन्याचे कुर्ते स्वतःसाठी शिवून घेतले, आणि त्यांच्यापैकी कोणीही गरोदर नव्हते.

डोहाळजेवणाला हिरवी काठपदराची साडी होती, तिच्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की ब्लाउजचे हुक पुढे ठेवा आणि फुलांचे दागिने फोटो झाल्याबरोबर उतरवा. नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर होता.

रात्रीसाठी आठवडी बाजारातून २८० रुपयांचे दोन सुती गाऊन घेतले होते. त्यांना रूप म्हणावे असे काही नव्हते, पाहुणे आले की वरून दुपट्टा घ्यावाच लागे, आणि तरीही वर्षभरात सर्वांत अधिक वापर त्यांचाच झाला. पुढची चेन मात्र तेवढी बदलून घ्यावी. बाळंतपणानंतर दूध पाजताना चेनचे दाते बाळाच्या गालाला लागत. माझ्या बाळाच्या डाव्या गालावर एकदा बारीक ओरखडा उमटला, तेव्हा काकूंनी त्याच दिवशी दोन्ही गाऊनच्या चेन काढून आतून पट्टी दिलेली टिचबटणे लावली. ऑनलाइन कुर्त्यांच्या लपवलेल्या चेनचाही हाच दोष होता; त्या लपलेल्या असतात त्या पाहणाऱ्यापासून, बाळापासून नव्हे. दूध पाजण्याच्या ब्रा मी सातव्या महिन्यात हौसेने तीन घेतल्या, आणि दूध आल्यावर त्यांपैकी एकही बसेना. सुरुवातीला एकच घ्यावी आणि बाकीच्या बाळंतपणानंतर.

जुलैमध्ये सिझेरियन झाले, आणि जिला मी एप्रिलमध्ये पेटीत टाकले होते, त्या दुसऱ्या लेगिंगची आठवण झाली. टाके ओटीपोटावर होते, प्रत्येक सलवारीची नाडी नेमकी तिथेच येई आणि हा रुंद पट्टा मात्र त्यांच्या बराच वर, छातीखाली थांबत असे. सहा आठवडे मी ती एकच लेगिंग त्या दोन गाऊनबरोबर वापरली. पावसाळ्यात जाड सुती कपडे दोन-दोन दिवस दमट राहिले, ही सुती कपड्यांची खरी उणीव आहे, आणि बाळाच्या झबल्या-दुपट्यांनी दोरी भरलेली असताना ती अधिकच जाणवली.

१८० दिवसांची प्रसूती रजा संपवून जानेवारीत शाळेत रुजू झाले, तेव्हा काकूंनी सहाही कुर्त्यांच्या बाजू आत घेऊन दिल्या, कापड मात्र कापले नाही. दुपारच्या सुट्टीत घर गाठून बाळाला पाजण्यासाठी त्यांचा पुढचा बटणांचा उघडा भाग अजून रोज उपयोगी पडतो. दोन कुर्त्यांचा रंग पाठीवर उन्हाने उडाला आहे, एकाची दोरी तुटली आहे.

नणंदेला आता चौथा महिना लागला आहे. मागच्या रविवारी ती आली, पलंगावर सगळे कपडे पसरून बसली, त्यांतले चार कुर्ते आणि रुंद पट्ट्याचा परकर तिने पिशवीत भरला आणि घेर उसवून घेण्यासाठी परस्पर काकूंकडे गेली. त्या निळ्या, फुलाफुलांच्या रेयॉनच्या कुर्त्यावरून तिने दोनदा हात फिरवला, बगलेतला विरलेला भाग उजेडात धरून पाहिला आणि तो घडी घालून माझ्याच उशाशी ठेवला.