जीएफओ वापरून तीन महिने झाले, केसाळ शेवाळाचं काय झालं ते सांगतो

माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमध्ये खडकांवर हिरवं केसाळ शेवाळ इतकं माजलेलं की झोअँथिड (कोरलसारखे, फुलांगत दिसणारे छोटे जीव) दिसेनात, म्हणून शेवटी जीएफओ घेतलं, म्हणजे फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाचे तपकिरी दाणे, आणि सोबत छोटा रिअ‍ॅक्टर, म्हणजे दाणे भरून त्यातून टँकचं पाणी फिरवायचं भांडं. पहिली सूचना, दाणे आरओडीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने नीट धुवा, मी घाईत धुतले नाहीत आणि अख्खा टँक चहासारखा झाला 😅 फ्लो पण कमीच ठेवा, दाणे वरवर हलले पाहिजेत, जोरात घुसळले की एकमेकांवर घासून भुकटी होते.

फॉस्फेट ०.२५ वरून ०.०६ पीपीएमवर आलं पण शेवाळ लगेच जात नाही हां, खडकात मुरलेलं फॉस्फेट हळूहळू बाहेर येत राहतं आणि शेवाळ ते आधीच खाऊन टाकतं त्यामुळे टेस्ट किट कमी दाखवतं तरी हिरवळ तशीच. हाताने उपटणं चालूच ठेवलं, शेवाळ खाणाऱ्या दोन टर्बो गोगलगायी सोडल्या, तेव्हा कुठे दीडेक महिन्यात फरक पडला. खरं श्रेय गोगलगायींना जास्त द्यावं असं कधीकधी वाटतं.

पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्यानेच सुरुवात करा. फॉस्फेट एकदम पडलं की कोरल ताणात येतात, आणि शून्यावर गेलं तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, चिकट तपकिरी थर करणारे सूक्ष्मजीव) यायची भीती, ते प्रकरण शेवाळापेक्षा बेकार. दाणे संपृक्त झालेले, म्हणजे आणखी फॉस्फेट धरेनासे झालेले, डोळ्यांना कळत नाहीत, टेस्ट करतच राहावं लागतं, हा वैताग आहेच. पाचपैकी चार.